हिवाळा आणि चित्ताचे रक्षण

(नवदीक्षित कुटुंबांसाठी धम्मपाठ)



वर्षावासाचे तीन महिने आपल्या वस्तीतील विहार गजबजलेले असते. दिवसभर निंदणाचे नाहीतर फवारणीचे काम करून थकलेली माणसेसुद्धा जेवण उरकून येतात. कोणी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो, बाकीचे ऐकतात, लहान मुले आईच्या मांडीवर झोपी जातात. आश्विन पौर्णिमेला समारोप होतो, खीरदान होते, ग्रंथ पांढऱ्या वस्त्रात बांधून कपाटात जातो आणि विहाराच्या दाराला कुलूप लागते. पुढे ते पौर्णिमेला, ६ डिसेंबरला आणि एखाद्या मंगलपरिणयाच्या दिवशी तेवढे उघडते. यात कोणाचा दोष आहे असे म्हणावयाचे नाही. कापूस फुटलेला असतो, वेचणीला माणूस पुरत नाही. परंतु ज्या दिवसांत मनाला सोबतीची सर्वांत अधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत आपण सोबतीची जागा बंद करून बसतो. हिवाळ्यात चित्ताचे रक्षण कसे करावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

हिवरखेड हे तेल्हारा तालुक्यातील गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. अकोला जिल्हा सगळ्या महाराष्ट्राला उन्हाळ्यासाठी ठाऊक. येथे हिवाळाही असतो हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. डोंगरावरून उतरणारा वारा मार्गशीर्ष-पौषात टिनाच्या घरात शिरतो, तेव्हा एका वाकळीत तिघे झोपले तरी ऊब येत नाही. (गावाच्या नावातील हिवर म्हणजे बाभळीच्या कुळातील काटेरी झाड, हिव म्हणजे थंडी नव्हे. पण पौषातील एक रात्र तेथे काढलेल्या पाहुण्याला हे पटविणे कठीण.) जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या शेवटी तो अकरा तासांनाही किंचित कमी पडतो. सकाळी बोंडांवर दव असते म्हणून वेचणी उशिरा सुरू होते, आणि अंधार लवकर पडतो म्हणून लवकर आटोपते. वेचणीची मजुरी किलोवर असते. दिवस आखूड झाला म्हणजे मजुरीही आखूड झाली. हरभऱ्याला, गव्हाला ओलित करावयाचे तर लाईन बहुधा रात्रीची, म्हणजे ऐन थंडीत चिखलात उभे राहावयाचे. आणि याच दिवसांत वर्षाचा हिशेब होतो. कापसाचे किती आले, कृषी केंद्राची उधारी किती, सोसायटीचे किती, सावकाराचे किती. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा कित्येक घरांत हा हिशेब मांडण्याचेसुद्धा धैर्य उरले नव्हते.

अशा दिवसांत मन बसते. पहाटे जाग येते पण उठावेसे वाटत नाही. भाकर समोर आली तरी घास उतरत नाही. मुलाने दोन शब्द विचारले तरी चीड येते. एक म्हातारे उपासक ऊन अंगणभर आले तरी पांघरुणातून निघत नव्हते. सुनेने हाक मारली तेव्हा म्हणाले, "कायले उठू बाई? उठून करू तं काय?" सुनेला वाटले, बुढा आळशी झाला. शेजारणीला वाटले, शनीची साडेसाती लागली. घरातील धाकट्याला वाटले, पूर्वजन्मीचे काही भोग असतील. धम्मदीक्षा घेऊन दोन पिढ्या झाल्या तरी ही जुनी भाषा आपल्या तोंडात अजून शिल्लक आहे.

भगवान बुद्धांनी या अवस्थेला वेगळे नाव दिले आहे. चित्ताला झाकणाऱ्या पाच गोष्टी त्यांनी सांगितल्या. त्यांना पंच नीवरणे म्हणतात. त्यांपैकी तिसरे नीवरण थीनमिद्ध. थीन म्हणजे चित्ताचा जडपणा आणि मिद्ध म्हणजे त्याबरोबर येणारी सुस्ती, गुंगी. थीन या शब्दात गोठण्याचा भाव आहे. आपण म्हणतो ना, थंडीत तूप थिजले? तसेच चित्तही थिजते. थिजलेले तूप नासलेले नसते. ऊब मिळाली की ते पुन्हा पातळ होते. संगारव नावाच्या ब्राह्मणाने भगवंतांना विचारले की, पुष्कळ दिवस पाठ केलेले मंत्रसुद्धा कधी कधी आठवत नाहीत, असे का व्हावे? तेव्हा त्यांनी थीनमिद्धाला शेवाळाची उपमा दिली. भांड्यातील पाणी शेवाळाने झाकले गेले तर माणसाला त्यात स्वतःचे तोंड दिसत नाही. पाणी मात्र खाली तेच असते.

नवदीक्षितांनी हा भेद पक्का समजून घ्यावा. नीवरण म्हणजे पाप नव्हे. ते ग्रहाचा कोप नव्हे, की मागच्या जन्मीची शिक्षा नव्हे. गरिबाचे दुःख त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्माने आले, ही शिकवण परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. नीवरणाला कारणे असतात, आणि कारणे हलविली की ते हलते.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहू. १९८४ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरवर्षी हिवाळ्यात येणाऱ्या आणि उन्हाळ्याकडे आपोआप ओसरणाऱ्या उदासीनतेच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा रुग्णांना सकाळी तेजस्वी प्रकाशासमोर बसविले असता पुष्कळांना आराम पडतो, असे दिसून आले. शरीरात झोपेचे आणि जागेपणाचे एक घड्याळ असते आणि सकाळचा उजेड ते घड्याळ लावतो. उत्तरेकडील देशांत हिवाळ्याचा दिवस सहा-सात तासांचा होतो, म्हणून तिकडे हा आजार अधिक. वऱ्हाडात तेवढा अंधार कधीच नसतो. तेव्हा आपल्या उदासीचे खापर एकट्या उन्हावर फोडता येणार नाही. तिच्यात थंडी आहे, कर्ज आहे, अर्धवट झोप आहे, एकटेपणा आहे. परंतु ऊन आपल्याला फुकट मिळते आणि तरीही आपण पांघरुणात पडून ते वाया घालवितो, एवढे खरे.

उजेडाचा हा उपाय ऐकला की अंगुत्तर निकायातील एका सुत्ताची आठवण होते. महामोग्गल्लान हे भगवंतांच्या दोन अग्रशिष्यांपैकी एक. मगध देशातील एका गावी ते ध्यानाला बसले असता पेंगू लागले. एवढा मोठा शिष्य आणि डुलक्या घेतो! परंतु भगवंत त्यांना रागावले नाहीत. त्यांनी एकामागून एक उपाय सांगितले. ज्या विचाराने गुंगी येते त्या विचाराला थारा देऊ नये. त्याने न गेल्यास ऐकलेल्या धम्माचे मनात चिंतन करावे. त्यानेही न गेल्यास तोच धम्म मोठ्याने म्हणावा. कान ओढावेत, हातापायांना चोळावे. उठून डोळ्यांना पाणी लावावे, चारी दिशांना पाहावे, आकाशातील तारे पाहावेत. रात्र असली तरी मनात दिवसाचा उजेड धरावा. याला पालीमध्ये आलोकसञ्ञा म्हणतात. मग उठून चंक्रमण करावे, म्हणजे सावधपणे येरझारा घालाव्यात. आणि एवढे करूनही गुंगी जात नसेल तर? तर उजव्या कुशीवर स्वस्थ निजावे, उठण्याची वेळ मनाशी ठरवून.

हा शेवटचा उपाय वाचकांनी विसरू नये. मोग्गल्लान आळशी नव्हते, अतिश्रमाने थकले होते, असे अट्ठकथेत म्हटले आहे. थकलेल्याला शेवटी झोपच द्यावी लागते. आपल्या घरातील उपासिका पहाटे चारला उठते, चूल पेटविते, भाकरी थापून डबा बांधते आणि दव सुकण्याच्या आत वेचणीला पोचते. तिला कोणी व्यासपीठावरून "ताई, सकाळी लवकर उठून फिरावयास जा" असा उपदेश करू लागला तर तो उपदेश नव्हे, थट्टा आहे. तिला फिरणे पुरे झालेले असते. तिला बसावयाला, बोलावयाला आणि निजावयाला वेळ मिळाला पाहिजे. तो वेळ घरातील पुरुषांनी काढून द्यावयाचा आहे, पाणी भरून, मुलांना आंघोळ घालून. उलट, जो म्हातारा दिवसभर ओसरीवर पांघरूण घेऊन पडून आहे, ज्या मुलाची पदवी झाली पण नोकरी नाही म्हणून जो दुपारपर्यंत निजतो, त्यांच्यासाठी डोळ्यांना पाणी लावणे, ऊन घेणे, चालणे हेच औषध आहे. म्हाताऱ्याला उठ म्हणू नये, त्याचा हात धरून त्याला उन्हात आणून बसवावे. त्याच्या हाती काम द्यावे. तुरीच्या शेंगा सोलणे चालेल, नातवाचा पाढा ऐकणे चालेल. "उठून करू तं काय" या प्रश्नाला उत्तर हाताने द्यावे लागते.

कोणी म्हणेल, मन बळकट असले की थंडी काय करणार? आणि त्याला आधारही सापडेल. आळवी येथे भगवंत हिवाळ्यात झाडाखाली पानांच्या बिछान्यावर राहिले होते. हत्थक नावाच्या उपासकाने विचारले, भन्ते, एवढ्या गारठ्यात सुखाने झोप लागली का? भगवंत म्हणाले, लागली. ज्याच्या मनात लोभ, द्वेष, मोह जळत असतात त्याला गरम महालातही झोप लागत नाही, असे त्यांनी हत्थकाला समजावून दिले. ही गोष्ट खरीच मोठी आहे. परंतु ती सांगून गरिबाला पांघरूण नाकारू नये. कारण त्याच भगवंतांनी वैशालीजवळ गोतमक चैत्यापाशी हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर बसून थंडी स्वतः मोजली होती. भिक्खूंना किती चीवरे लागतील हे त्यांना ठरवावयाचे होते. प्रथम एक चीवर पांघरले. पहिला प्रहर संपता थंडी वाजली तेव्हा दुसरे घेतले, मधला प्रहर संपल्यावर तिसरे, पहाटे चौथे. मग त्यांनी नियम केला की भिक्खूला तीन चीवरे असावीत आणि त्यांतील संघाटी दुहेरी असावी. म्हणजे चार पदर झाले. सामान्य माणसाला किती थंडी वाजते हे त्यांनी अंदाजाने सांगितले नाही, रात्रभर बसून पाहिले. ज्याला उबेची झोप नाही त्याचे चित्त स्थिर राहत नाही, हे ओळखूनच त्यांनी ही मर्यादा घातली असावी असे मला वाटते. आपल्या विहाराच्या वर्गणीतून हारतुऱ्यांना जो पैसा जातो, त्यातून हिवाळ्याच्या तोंडी दोन-तीन निराधार म्हाताऱ्यांना घोंगड्या घेतल्या तर तो विनयाला धरूनच होईल.

याहूनही आपल्या घरांना जवळची गोष्ट नकुलमातेची आहे. नकुलपिता आणि नकुलमाता हे भग्ग देशातील वृद्ध उपासक जोडपे. एकदा नकुलपिता फार आजारी पडला. आपण गेलो तर घराचे कसे होईल, या काळजीने तो आतून पोखरला होता. नकुलमाता त्याच्याजवळ बसली. ती काळजी करू नका म्हणाली, पण तेवढेच म्हणून थांबली नाही. तिने एकेक काळजी नाव घेऊन उचलली. मुले कशी जगतील असे वाटते का? मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते. मी मुलांना पोशीन, घर चालवीन. मी दुसरे घर करीन असे वाटते का? नाही करणार. मी भगवंतांच्या आणि संघाच्या दर्शनाला जाणार नाही असे वाटते का? जाईन. माझे शील ढळेल असे वाटते का? ढळणार नाही. अशा चिंतेने मरणे दुःखाचे असते, म्हणून तसे मरू नका, असे तिने त्याला सांगितले. सुत्तात पुढे आहे की नकुलपित्याचे दुखणे उतरले आणि तो काठी टेकत भगवंतांकडे गेला. तेव्हा भगवंतांनी त्याला, अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे म्हटले.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या बाईच्या हाती कापूस होता आणि आपल्या बायांच्याही हाती कापूसच आहे. माझ्याकडून या बाबतीत एक चूक झाली, ती सांगतो. ओळखीच्या एका गृहस्थाने आपले कर्जाचे दुःख मजजवळ काढले तेव्हा मी म्हणालो, "भाऊ, मन घट्ट करा, आपण बाबासाहेबांची लेकरे आहोत." तो गप्प झाला. मला वाटले, पटले. पुढे बऱ्याच दिवसांनी तो म्हणाला, "त्या दिवशी तुमी मले चूप केलं." त्याला नकुलमातेसारखे कोणी हवे होते. कागद घेऊन बसावयाचे, बँकेचे किती, सोसायटीचे किती, दुकानदाराचे किती ते लिहावयाचे, कोणते थांबू शकते आणि कोणते नाही ते पाहावयाचे, आणि "बँकेत तुमच्याबरोबर मी येतो" असे म्हणावयाचे. कर्ज त्याने फिटत नाही. पण रात्री दोन वाजता अंधारात जे कर्ज डोंगराएवढे दिसते, ते दिवसा कागदावर आकड्याएवढे होते.

हिवाळ्यात आपल्या समाजाला आणखी एक दुःख असते, जे इतरांना नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे गाडगेबाबा गेले. वऱ्हाडातील आपल्या आजा-आजींनी तो हिवाळा कसा काढला असेल याची कल्पना करवत नाही. परंतु त्या दुःखात लोकांनी काय केले ते पाहा. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्काराच्या वेळी एक लाखाहून अधिक लोकांनी भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. डोळ्यांत पाणी होतेच. ते पुसून मग दीक्षा घेतली असे नाही, रडत रडतच त्रिसरण म्हटले. दुःख एकट्याने घरात बसून गिळावयाचे नसते, हे त्या लोकांना कोणी शिकविले नव्हते. आज चैत्यभूमीहून परत आल्यावर चार दिवस कित्येकांना घर खायला उठते. त्या आठवड्यात एकमेकांकडे जावे, घरातील वृद्धांना त्यांच्या आईबापांकडून ऐकलेल्या आठवणी विचाराव्यात.

दारूविषयी थोडेच लिहितो, कारण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ते अधिक सांगावे लागू नये. थंडीत एक घोट घेतला की अंग गरम होते, ही समजूत खोटी आहे. दारूने कातडीखालील रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून गरम वाटते, आणि त्याच वाटेने शरीरातील ऊब बाहेर जाते. झोप लागते ती तुटक, आणि उदासी दुसऱ्या दिवशी अधिक जड होऊन बसते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. थीनमिद्ध आणि आजार यांत फरक आहे. उदासी दोन आठवडे हलत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक दोन्ही गेली असतील, माणूस आपण घराला भार आहोत असे बोलू लागला असेल, तर तो आजार समजावा. ध्यानाने, वंदनेने तो बरा होईल म्हणून थांबू नये. भगवंतांनी स्वतः जीवक वैद्याचे औषध घेतले आहे. आपण औषध घेण्यात धम्माचा कमीपणा नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे, तेथून जिल्ह्याच्या रुग्णालयातील मानसोपचार डॉक्टरांकडे जाता येते. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, विनामूल्य, मराठीत बोलता येते. रोग्याने स्वतःच बोलले पाहिजे असे नाही, घरच्यांनीही विचारावे. मांत्रिकाकडे, भगताकडे नेऊ नये. अंगातील भूत काढतो म्हणून मारझोड करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे.

आणि घरात एखादा जगणे नको असे म्हणाला, तर तो नुसते बोलतो असे समजू नये. सरळ विचारावे, "जीव द्यावा असे मनात येते का?" असे विचारल्याने तो विचार त्याच्या मनात नव्याने शिरत नाही, उलट कोणीतरी विचारले याने ओझे हलके होते. त्याला एकटे ठेवू नये. फवारणीचा हंगाम संपला की उरलेल्या औषधाचे डबे आपल्याकडे घरातच, धान्याच्या कोठीमागे नाहीतर मोरीजवळ पडून असतात. ते आजच घरातून हलवावेत, कुलपात ठेवावेत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. असा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा झटका असतो. त्या वेळी हाताशी विष नसले तर माणूस वाचतो. अशी कित्येक माणसे पुढे चांगली जगली आहेत.

राहता राहिले विहार. वर्षावासासारखे रोज वाचन हिवाळ्यात जमणार नाही हे मान्य. परंतु आठवड्यातून दोन संध्याकाळी, जेवणे झाल्यावर, तासभर दार उघडता येईल. पहिल्या दिवशी नकुलमातेची कथा वाचावी. मोठ्याने वाचावे, आळीपाळीने वाचावे; ज्यांना वाचता येत नाही त्यांनी त्रिसरण-पंचशील म्हणावे, कारण मोठ्याने म्हणणे हाही मोग्गल्लानांना सांगितलेला एक उपाय होता. दहा मिनिटे आनापानसती करावी. नंतर बाहेर पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवून बसावे आणि कोण आले नाही ते पाहावे. जो दोनदा आला नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी जावे. रविवारी सकाळी विहाराच्या अंगणात म्हाताऱ्यांसाठी चटया टाकाव्यात; तेथे ऊन बहुधा घरांपेक्षा आधी येते.

किल्लीचे मात्र आधी ठरवावे लागेल. ज्या उपासिकेचे घर विहाराला लागून आहे तिच्याकडे ती असलेली बरी. पुरुष मंडळींकडे दिली की ते बाजाराला जातात आणि किल्ली त्यांच्या खिशातच राहते.